प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यात झोटेरो रुसलं तर

सबमिशनची तारीख पक्की झाली की इतके दिवस मुकाट चालणारं झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर नेमकं त्याच आठवड्यात अडून बसतं, असा अनुभव बहुतेक संशोधकांना येतो. यात नशिबाचा भाग थोडाच. तोवर प्रकरणं सुट्या फाइलींत असतात आणि प्रत्येक फाइलीतला लहानसहान घोळ खपून जातो. शेवटी सगळी प्रकरणं एकत्र येतात, गाइडच्या दुरुस्त्या आत शिरतात, विद्यापीठाच्या नमुन्याप्रमाणे फॉण्ट बदलला जातो आणि तीन-चार वर्षांत साचलेलं सगळं एकदम वर येतं.

पुढचं सगळं विंडोजवरचं वर्ड आणि झोटेरो ही जोडी धरून लिहिलं आहे. झोटेरो २००६ पासून आहे, मोफत आहे आणि आपल्याकडे मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रांतले बरेच जण तेच वापरतात. मेंडेली, एंडनोट किंवा लाटेक वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे, पण बिघाड शोधण्याची पद्धत सगळीकडे तीच.

काहीही दाबण्याआधी

तीन गोष्टी करा. वर्डची फाइल 'सेव्ह ॲज' करून नावात तारीख घालून वेगळी ठेवा. मग झोटेरो पूर्ण बंद करून त्याचं डेटा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. 'झोटेरो' नावाचं हे फोल्डर तुमच्या युजर फोल्डरमध्ये असतं आणि त्यातली एसक्यूलाइट फाइल म्हणजे तुमची सगळी लायब्ररी. झोटेरो चालू असताना कॉपी केलंत तर अर्धवट प्रत मिळू शकते. हे फोल्डर वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवून 'आपोआप बॅकअप' घेण्याची युक्ती मात्र करू नका, त्याने डेटाबेस खराब होतो. वर्डची फाइल तिथे ठेवायला हरकत नाही. तिसरं, 'ट्रॅक चेंजेस' बंद करा. आधीच्या दुरुस्त्या रंगीत दिसत असतील तर त्या स्वीकारून किंवा नाकारून मोकळ्या करा. ट्रॅक चेंजेस चालू असताना झोटेरोने सायटेशन (मजकुरात दिलेला संदर्भ) बदललं की जुनं आणि नवं दोन्ही फाइलीत राहतं, आणि त्यातून पुढचे निम्मे प्रश्न उभे राहतात. गाइडना शक्य असेल तर फक्त कॉमेंट टाकायची विनंती करा. सरांना हे सांगायला जड जातं, पण पुढचा त्रास पाहता सांगून टाकावं.

बिघाड कुठे आहे?

चूक चार ठिकाणी असू शकते: झोटेरोतल्या नोंदीत, वर्डच्या फाइलीत, सायटेशन स्टाइलमध्ये (एपीए, शिकागो अशा संदर्भ लिहिण्याच्या पद्धतीत), किंवा वर्ड आणि झोटेरो यांना जोडणाऱ्या प्लगइनमध्ये. ज्याला त्याला पहिला सल्ला मिळतो तो 'झोटेरो काढून पुन्हा टाक' असा. त्याने ना लायब्ररी बदलते ना फाइल, त्यामुळे बहुतेक वेळा एक संध्याकाळ जाते आणि दुखणं तिथेच राहतं.

त्याऐवजी एक कोरी वर्ड फाइल उघडा. जो संदर्भ बिघडलेला दिसतोय तोच तिथे टाका आणि खाली बिब्लिओग्राफी, म्हणजे संदर्भांची यादी, घाला. इथेही तो चुकीचाच आला तर दोष नोंदीत किंवा स्टाइलमध्ये आहे. मग त्याच कोऱ्या फाइलीत झोटेरोच्या टॅबमधल्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमधून एपीएऐवजी शिकागो निवडून पाहा. तरीही तीच चूक दिसली तर नोंद तपासा, चूक गेली तर स्टाइल. कोऱ्या फाइलीत सगळं नीट आलं तर तुमच्या प्रबंधाच्या फाइलीतच काहीतरी मोडलंय. आणि कोऱ्या फाइलीत संदर्भ टाकताच येत नसेल तर प्लगइन. पाच मिनिटांचं काम आहे, आणि यानंतर खालचा कुठला भाग वाचायचा ते कळतं.

वर्डमध्ये झोटेरोचा टॅबच दिसत नाही

हा सगळ्यांत घाबरवणारा आणि सगळ्यांत सोपा प्रकार. झोटेरोच्या सेटिंग्जमध्ये 'साइट' (Cite) या भागात 'वर्ड प्रोसेसर्स' आहे, तिथलं वर्डचं ॲड-इन पुन्हा टाकण्याचं बटण दाबा. दाबताना वर्ड बंद हवं. तरी टॅब आला नाही तर वर्डच्या ऑप्शन्समधल्या ॲड-इन्समध्ये जाऊन 'डिसेबल्ड आयटम्स'ची यादी बघा. वर्ड एकदा हँग झालं की ते स्वतःच झोटेरोला तिथे नेऊन बसवतं आणि तुम्हाला सांगत नाही.

टॅब दिसतो पण बटण दाबल्यावर संपर्क होत नाही, अशी तक्रार असेल तर आधी झोटेरो उघडं आहे का ते पाहा. मग दोन्हीपैकी एक 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने तर चालू केलेलं नाही ना ते पाहा. एक साध्या हक्काने आणि दुसरं ॲडमिनच्या हक्काने चालत असेल तर ते एकमेकांशी बोलत नाहीत. विद्यापीठाच्या लॅबमधल्या मशीनवर हे हमखास होतं.

करड्या पट्टीच्या आत काय असतं

फाइलीतले दोष समजायचे तर एकदा तरी सायटेशनच्या आत डोकावायला हवं. फाइलीच्या प्रतीत ऑल्ट धरून एफ९ दाबा. सगळी सायटेशन्स गायब होऊन त्यांच्या जागी महिरपी कंसांतला लांबलचक मजकूर येईल. सुरुवातीला 'ॲडइन झोटेरो आयटम' असे शब्द, मग सायटेशनचा एक क्रमांक, मग लेखक, शीर्षक, वर्ष, आणि अधेमधे तुमच्या झोटेरो खात्याचा पत्ता असलेली एक लिंक. म्हणजे कागदावर '(जोशी, २०१२)' एवढंच दिसत असलं तरी त्या नोंदीची पूर्ण माहिती फाइलीत दडलेली असते आणि ती लिंक लायब्ररीतल्या मूळ नोंदीकडे बोट दाखवते. पुन्हा ऑल्ट-एफ९ दाबलं की सगळं पूर्ववत.

यावरून तीन गोष्टी लक्षात येतात.

पहिली, माहिती दडवलेल्या या जागेला वर्ड 'फील्ड' म्हणतं, आणि या फील्डच्या आत हाताने काहीही टाइप करायचं नाही. पान क्रमांक हवा असेल, 'पाहा' असा शब्द आधी हवा असेल, लेखकाचं नाव वाक्यात आलंय म्हणून कंसातून काढायचं असेल, तर सायटेशनवर क्लिक करून ॲड/एडिट सायटेशन उघडा आणि त्या नोंदीच्या पट्टीवर क्लिक करा. पान, प्रीफिक्स, सफिक्स, 'ओमिट ऑथर' सगळं तिथे आहे. हाताने बदल केलात तर पुढच्या वेळी झोटेरो विचारतं की तुम्ही हे सायटेशन बदललंय, तुमचे बदल राखायचे का? घाईत 'येस' दाबलं की ते सायटेशन तिथेच गोठतं. नंतर लायब्ररीत वर्ष दुरुस्त करा, स्टाइल बदला, ते हलत नाही. अशी गोठलेली सायटेशन्स सापडली की काढून नव्याने टाकणं उत्तम.

दुसरी, कंट्रोल-शिफ्ट-एफ९ ही कळजोडी विसरून जा. ती फील्ड तोडून साधा मजकूर करते. अनुक्रमणिका 'फिक्स' करण्यासाठी कोणीतरी सुचवतं, सगळा मजकूर निवडलेला असतो, आणि एका क्षणात प्रबंधातली शेकडो सायटेशन्स मेलेली असतात. लगेच लक्षात आलं तर कंट्रोल-झेड, नाहीतर तारीख घातलेली प्रत.

तिसरी, फाइल गुगल डॉक्समध्ये किंवा मोबाइलवरच्या एखाद्या ॲपमध्ये उघडून तिथूनच सेव्ह केली की ही फील्ड उडू शकतात. दिसायला सगळं जागेवर असतं, म्हणून लक्षात येत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल मोबाइलवर वाचा, सेव्ह करू नका. लिबरऑफिसला न्यायचीच असेल तर डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये दुसऱ्या वर्ड प्रोसेसरकडे नेण्याची सोय आहे, ती वापरून न्या.

जिवंत कोणतं आणि मेलेलं कोणतं हे ओळखायला वर्डच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड, तिथे 'फील्ड शेडिंग' आणि त्यात 'ऑलवेज' निवडा. जिवंत सायटेशन्स करडी दिसतील, हाताने टाइप केलेली पांढरी राहतील. आता फाइल वरपासून खालपर्यंत सावकाश सरकवा. पहिल्या वर्षी, झोटेरो शिकण्याआधी लिहिलेल्या प्रकरणात पांढरे कंस भरपूर निघतात. यादीत न आलेले संदर्भ बहुतेक हेच. सबमिशनआधी एकच तपासणी करायला वेळ असेल तर ही करा.

एरर येतो पण कुठे ते कळत नाही

'झोटेरो एक्स्पिरियन्स्ड ॲन एरर अपडेटिंग युअर डॉक्युमेंट' हा संदेश काहीच सांगत नाही. बहुतेक वेळा एखादंच फील्ड खराब असतं आणि त्याच्यामुळे सगळा कारखाना बंद पडतो. ते एक फील्ड शोधायचं असं:

१. प्रतीतली बिब्लिओग्राफी काढून टाका आणि झोटेरोच्या टॅबमधलं रिफ्रेश दाबा. चाललं तर दोष यादीच्या फील्डमध्ये होता. ॲड/एडिट बिब्लिओग्राफीने यादी पुन्हा घाला, काम संपलं.

२. नाही चाललं, तर सगळा मजकूर निवडून नव्या कोऱ्या फाइलीत पेस्ट करा आणि तिथे रिफ्रेश करा. कधी कधी जुन्या फाइलीचं काहीतरी बिनसलेलं असतं आणि एवढ्यानेच भागतं.

३. तरी नाही, तर मजकुराचा पहिला अर्धा भाग एका कोऱ्या फाइलीत आणि दुसरा अर्धा दुसऱ्या फाइलीत घ्या. दोन्हीकडे रिफ्रेश. ज्यात एरर येतो तो अर्धा पुन्हा अर्धा करा.

४. असं करत एका परिच्छेदावर, मग एका सायटेशनवर या. ते मूळ फाइलीतून पूर्ण काढा आणि नव्याने टाका.

ऐकायला हे कंटाळवाणं वाटतं, पण हिशोब करा. चारशे सायटेशन्स असली तरी दर फेरीला निम्मी बाद होतात, म्हणजे नऊ फेऱ्यांत एकावर येता. एकामागून एक तपासत बसण्यापेक्षा कितीतरी बरं. दोन्ही अर्ध्यांत एरर आला तर घाबरू नका, खराब फील्ड दोन आहेत एवढाच त्याचा अर्थ.

फील्ड काढताना त्याचा एखादा तुकडा मागे राहत नाही ना, हे ऑल्ट-एफ९ने बघा. अर्धा महिरपी कंस राहिला तर पुन्हा तोच खेळ.

एक नेहमीची गफलत. 'एरर! बुकमार्क नॉट डिफाइन्ड' किंवा 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' असं ठळक अक्षरांत आलं तर त्यात झोटेरोचा हात नाही. ते वर्डच्या अनुक्रमणिकेचं किंवा क्रॉस-रेफरन्सचं दुखणं आहे. अनुक्रमणिका नव्याने करा, आणि तुटलेला 'तक्ता ३.२ पाहा' पुन्हा जोडा.

एकच पुस्तक दोनदा

यादीत एकच पुस्तक दोनदा आणि मजकुरात '२०१५ए' नि '२०१५बी' दिसत असेल तर ते पुस्तक लायब्ररीत दोनदा शिरलंय. एकदा तुम्ही ग्रंथालयाच्या कॅटलॉगवरून घेतलं, दुसऱ्यांदा गुगल स्कॉलरवरून. यातली एक नोंद डिलीट करायचा मोह होतो. तो टाळा. डिलीट केलेल्या नोंदीला जोडलेली सगळी सायटेशन्स पोरकी होतात. झोटेरोत डावीकडे 'डुप्लिकेट आयटम्स' आहे, तिथे दोन्ही निवडून मर्ज करा. मर्ज केल्यावर फाइलीतली जुनी सायटेशन्सही नव्या नोंदीकडे वळतात. मर्जचं बटण येत नसेल तर एक नोंद 'बुक' आणि दुसरी 'रिपोर्ट' अशी असते. आधी प्रकार सारखा करा.

मजकुरात मध्येच आद्याक्षरं उगवतात, '(आर. पाटील, २०११)' अशी, तेव्हा झोटेरोला दोन वेगळे पाटील दिसतायत. खरोखर दोन असतील तर एपीएचा नियमच तसा आहे, राहू द्या. पाटील, कुलकर्णी, देशमुख, शिंदे यांच्या राज्यात हे होणारच. पण एकच व्यक्ती कुठे 'आर. व्ही.', कुठे पूर्ण नावाने भरलेली असेल तर सगळीकडे एकसारखं करा.

पोरक्या नोंदी ओळखायलाही सोपा मार्ग आहे. लायब्ररीत वर्ष दुरुस्त केलं, रिफ्रेश दाबलं, तरी फाइलीत जुनंच वर्ष राहिलं तर ते सायटेशन लायब्ररीशी जोडलेलं नाही. त्याच्या पट्टीवर क्लिक केल्यावर लायब्ररीत उघडण्याचं बटण दिसणार नाही. मित्राच्या फाइलीतून उतारा घेतला असेल, किंवा नवा लॅपटॉप आल्यावर लायब्ररी एक्स्पोर्ट-इम्पोर्ट करून आणली असेल तर असं होतं, कारण इम्पोर्ट केलेली प्रत्येक नोंद झोटेरोच्या लेखी नवी असते. दुसऱ्या मशीनवर लायब्ररी नेण्याचा रस्ता म्हणजे खात्याने सिंक. मोफत खात्यातली ३०० एमबीची मर्यादा फक्त पीडीएफसारख्या फाइलींना आहे, नोंदींना नाही. तेव्हा फाइलींचं सिंक बंद ठेवून नोंदी खुशाल सिंक करा. पोरकी झालेली सायटेशन्स मात्र एकेक करून लायब्ररीतून पुन्हा टाकावी लागतात.

मराठी नोंदी

इथे सॉफ्टवेअरला बोल लावण्याआधी थोडी समजूत घालून घ्यावी लागते. ही प्रणाली रोमन लिपीतल्या नावांचा विचार करून बनली आहे.

सरकारी प्रकाशनांपासून सुरुवात करू, कारण तिथे विनोद जास्त होतात. 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' दरवर्षी निघते आणि अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल सगळ्यांच्या प्रबंधात असते. लेखकाच्या जागी 'महाराष्ट्र शासन' भरलं की झोटेरो त्याला माणूस समजतं आणि यादीत 'शासन, महाराष्ट्र' येतं. इंग्रजी नोंदीत तर 'महाराष्ट्र, जी. ऑफ' असं सद्गृहस्थांचं नाव छापून येतं. लेखकाच्या रकान्याशेजारी नावाचे दोन भाग एक करण्याचं छोटं बटण आहे. ते दाबा आणि संस्थेचं नाव सलग लिहा. 'अर्थ व सांख्यिकी संचालनालय', 'भारतीय रिझर्व्ह बँक', सगळ्यांना हेच.

देवनागरी लेखकांची नावं आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षरं अशी नीट येतात का, हे तुमच्या स्टाइलमध्ये दोन-चार नोंदी टाकून आधीच पाहा. आद्याक्षरं हवी तशी येत नसतील तर मराठी नावं एकाच रकान्यात 'पाटील, र. वि.' अशी जशी छापायची तशीच लिहिण्याचा मार्ग आहे. त्याचा तोटा म्हणजे मजकुरातल्या कंसातही पूर्ण नाव येतं. तळटिपांची पद्धत असेल तर हे चालून जातं, लेखक-वर्ष पद्धतीत खटकतं. प्रकार एकदा निवडला की सगळ्या मराठी नोंदींना तोच ठेवा. अर्धे असे, अर्धे तसे केले की यादीचा क्रमही बिघडतो.

वर्ष इंग्रजी अंकांत भरा. देवनागरी अंकांत भरलेलं वर्ष झोटेरोला तारीख म्हणून कळत नाही. कळलं की नाही ते तारखेच्या रकान्याच्या उजव्या टोकाला दिसतं, तिथे वर्षासाठीचं 'वाय' हे अक्षर उमटायला हवं. जुन्या पुस्तकांवर शके असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन तारखेत टाका (पौषाच्या उत्तरार्धापासून पुढच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात) आणि शके 'एक्स्ट्रा' रकान्यात नोंदून ठेवा. यादीत अंक देवनागरीच हवेत असा गाइडचा आग्रह असेल तर ते काम अगदी शेवटच्या प्रतीत फाइंड-रिप्लेसने करायचं.

'लँग्वेज' हा रकाना सगळे रिकामा सोडतात. मराठी नोंदीत तिथे मराठीचा दोन अक्षरी संकेत, म्हणजे 'एमआर', इंग्रजी छोट्या लिपीत घाला. रोमन लिपीत लिहिलेल्या मराठी शीर्षकांना याचा फायदा होतो. नाहीतर शीर्षकातला प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू करण्याचा इंग्रजी नियम स्टाइल त्यांनाही लावते.

एक छुपा शत्रू आहे. कऱ्हाडे, गोऱ्हे यांसारख्या आडनावांतला अर्धा र, किंवा ॲड., ॲलन यांतला ॲ, दोन वेगळ्या तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला नाहीत. मोबाइलवर भरलेली आणि लॅपटॉपवर भरलेली अशी एकाच लेखिकेची दोन नावं झोटेरोला दोन व्यक्ती वाटतात. शोधूनही डुप्लिकेट सापडत नाही आणि तरी आद्याक्षरं उगवतात, तेव्हा हे तपासा. एका नोंदीतलं नाव कॉपी करून दुसऱ्यात पेस्ट करा, प्रश्न मिटतो.

क्रमाचंही तसंच. मराठी आणि इंग्रजी नोंदी एकाच यादीत आल्या तर इंग्रजी सगळ्या वर, मराठी सगळ्या खाली बसतात, ते ठीक. पण क्षीरसागर हे आडनाव मराठी वर्णक्रमानुसार ह-नंतर यायला हवं, ते क-च्या गटात घुसलेलं दिसतं. ज्ञ-चंही तसंच, तो ज-मध्ये जातो. कोशाच्या क्रमाबद्दल काटेकोर असलेले परीक्षक हे बरोबर पकडतात. हे हातानेच हलवावं लागतं, तेही शेवटच्या प्रतीत.

मराठी विभागांत संदर्भसूची साधारणपणे विभागून हवी असते: मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिकं, कोश, अहवाल. झोटेरो एका फाइलीत एकच यादी करतं, विभागणी करत नाही. यावर दोन उपाय. झोटेरोत प्रत्येक विभागाचं कलेक्शन करून त्यावर राइट-क्लिकने त्या कलेक्शनची बिब्लिओग्राफी काढता येते. पण ती यादी तुमच्या फाइलीशी जोडलेली नसते. म्हणजे मजकुरात '२०१५ए' असेल तर इथे ते ए-बी जुळेलच असं नाही आणि न वापरलेली पुस्तकंही त्यात येतात. म्हणून दुसरा मार्ग मला पसंत आहे: फाइलीत नेहमीची एकच यादी ठेवायची, अगदी शेवटी अनलिंक केलेल्या, म्हणजे झोटेरोपासून तोडलेल्या, प्रतीत ती कापून विभागवार लावायची.

फॉण्टबद्दल थोडक्यात. प्रबंध श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये टाइप झाला असेल तर झोटेरो त्याच्याशी जमवून घेणार नाही. तिथला मजकूर झोटेरोत पेस्ट केला की निरर्थक चिन्हं दिसतात. आधी सगळं प्रकरण युनिकोडमध्ये बदला, मग सायटेशन्स टाका. उलट क्रमाने केलंत तर कन्व्हर्टर सायटेशन्सचीही वाट लावतो.

यादीचा फॉण्ट दर वेळी बिघडतो

कारण तुम्ही यादी निवडून फॉण्ट बदलताय. रिफ्रेश झालं की झोटेरो यादी नव्याने लिहितं आणि तुमचे बदल जातात. वर्डच्या स्टाइल्समध्ये 'बिब्लिओग्राफी' ही परिच्छेद-स्टाइल आहे, तीत बदल करा. फॉण्टच्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा विभाग असतो, देवनागरीचा फॉण्ट आणि आकार तिथे ठरतो. वरच्या विभागात कितीही बदल केले तरी मराठी अक्षरं हलत नाहीत, ती यामुळेच.

प्रकरणं जोडताना

सगळ्या प्रकरणांची स्टाइल एकच आहे ना ते आधी पाहा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सुटी यादी असेल तर ती काढा. मग एका कोऱ्या फाइलीत झोटेरोची स्टाइल निवडून ठेवा, प्रकरणं क्रमाने कॉपी-पेस्ट करा आणि दर प्रकरणानंतर रिफ्रेश करा. सगळी पेस्ट करून शेवटी एकदाच रिफ्रेश केलं आणि एरर आला, तर तो कुठून आला हे शोधायला वरची अर्ध्या-अर्ध्याची कसरत आली. वर्डच्या 'मास्टर डॉक्युमेंट'च्या भानगडीत पडू नका.

जोडलेली फाइल जड होते, प्रत्येक सायटेशन टाकताना वर्ड अर्धा मिनिट गोठतं. डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमधला सायटेशन आपोआप अपडेट करण्याचा पर्याय बंद करा. मग नवी सायटेशन्स तुटक अधोरेषेसह दिसतील आणि तुम्ही रिफ्रेश दाबाल तेव्हाच सगळी एकदम अपडेट होतील.

मेंडेली, एंडनोट, लाटेक

मेंडेलीचं जुनं डेस्कटॉप ॲप सप्टेंबर २०२२ पासून डाउनलोडला मिळत नाही. वर्डमधलं नवं 'मेंडेली साइट' (Cite) हे ॲड-इन जुन्या फाइलीतली सायटेशन्स बदलून घेऊ का असं विचारतं. हा बदल प्रतीत करून पाहा, नीट झाला तरच मूळ फाइलीत. शेवटच्या महिन्यात मेंडेलीवरून झोटेरोवर यायचं मनात आलं असेल तर सबमिशन होईपर्यंत थांबा.

एंडनोटमध्ये सायटेशन्सच्या जागी महिरपी कंसात लेखक, वर्ष आणि एक आकडा दिसत असेल तर फाइल मोडलेली नाही, ती तात्पुरत्या रूपात आहे. अपडेटचं बटण दाबा.

लाटेकमध्ये संदर्भाच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर आधी तात्पुरत्या फाइली पुसा आणि मग लाटेक, बायबर, पुन्हा दोनदा लाटेक या क्रमाने चालवा. तरी राहिली तर बिब फाइलीत स्वल्पविराम सुटलाय का, 'अँड'चं चिन्ह उघडं राहिलंय का ते पाहा. संस्थेच्या नावाला दुहेरी महिरपी कंस लागतात. देवनागरी नोंदींसाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक आणि बायबर ही जोडी घ्या, जुनं बिबटेक युनिकोडच्या कामाचं नाही.

शेवटची प्रत

सगळं जुळलं की दोन फाइली करा. एक जिवंत, नावातच 'जिवंत' लिहा. दुसरी तिची प्रत, तीत झोटेरोच्या टॅबमधलं 'अनलिंक सायटेशन्स' दाबा. ही क्रिया उलटत नाही, म्हणून प्रतीतच. आता या प्रतीत यादी विभागून लावा, क्षीरसागरांना त्यांच्या जागी न्या, अंक देवनागरी करा, 'एट अल.'च्या जागी 'आणि इतर' हवं असेल तर तेही करा. अंकांचं फाइंड-रिप्लेस फक्त निवडलेल्या भागात चालवा, नाहीतर इंग्रजी पुस्तकांच्या शीर्षकांतले आकडेही बदलतील.

डीटीपीवाल्याकडे किंवा बाइंडिंगच्या दुकानात कधीही जिवंत फाइल देऊ नका. तिथला मुलगा चांगल्या मनाने सगळा मजकूर निवडून फॉण्ट आणि स्पेसिंग सारखं करतो. अनलिंक केलेली प्रत दिली तरी पान हलण्याची भीती राहतेच, त्यामुळे पीडीएफ आपल्या मशीनवर काढून तीच छापायला द्यावी.

साहित्यचौर्य तपासणीला हीच पीडीएफ जाते. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि संदर्भसूची व योग्य श्रेय दिलेली अवतरणं त्या मोजणीतून वगळायची असतात. श्रेय देणारं सायटेशनच फाइलीतून उडालेलं असेल तर अवतरण उघडं पडतं. म्हणून पांढऱ्या कंसांची ती तपासणी अनलिंक करण्याआधीच उरकायची, अनलिंक झाल्यावर सगळेच कंस पांढरे.

शोधगंगेवर, म्हणजे देशातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, प्रबंध प्रकरणवार पीडीएफ करून चढतो. ही प्रकरणं त्याच एका अंतिम पीडीएफमधून पानं वेगळी करून काढा, जुन्या सुट्या वर्ड फाइलींतून नव्हे, नाहीतर पान क्रमांक आणि ए-बी दोन्ही जुळणार नाहीत.

व्हायवानंतर परीक्षकांनी दुरुस्त्या सुचवल्या तर त्या जिवंत फाइलीत करायच्या आणि अनलिंकपासूनची पावलं पुन्हा टाकायची. यादी विभागून लावण्याचं काम दुसऱ्यांदा येतं, त्यासाठी एक दुपार राखून ठेवा.